विसर्जन मिरवणुकीआधीचं पिणं कसं आटोक्यात आणायचं?

पर्वती_पायथा:
आमच्या मंडळात साठेक पोरं आहेत, वय १७ ते २८. विसर्जनाला ड्राय डे असतो, पण आदल्या रात्रीच बाटल्या रिकाम्या होतात. बाप्पासमोर शपथ दिली तर चार दिवस टिकते. दोन महिने हातात आहेत. काय करता येईल ते नेमकं सांगा.

रात्रपाळी_नर्स:
आधी पोरांना हिशोब दाखवा. १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅमच हाताळतं. रात्री बाराला दोन क्वार्टर मारलेला पोरगा सकाळी दहाला आंघोळ करून, गंध लावून येतो, पण दारू अंगात असतेच. लिंबूपाणी नि काळ्या कॉफीने ती लवकर उतरत नाही. म्हणजे ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर बंधन आदल्या दिवशी दुपारपासूनच हवं.

शपथेचं मात्र जपून. रोज सकाळी हात थरथरतात म्हणून घोट लागतो, अशा माणसाची दारू एकदम तोडू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, भास, ताप. जीव जातो यात. त्याला आधी डॉक्टरकडे न्या, मग शपथ. आणि घरचे चहात चोरून ‘दारू सोडायचं औषध’ घालत असतील तर थांबवा. त्यावर दारू प्यायली की रक्तदाब कोसळू शकतो.

ताशा_कार्यकर्ता:
पिणं वाढतं ते रिकाम्या वेळेत. रथ एकाच चौकात दोन-दोन तास अडकतो, पोटात काही नसतं, मग कुणीतरी गल्लीत नेतो. म्हणून चार-चार तासांच्या पाळ्या लावा आणि पाळी संपली की घरी पाठवा. दर तीन तासांनी खाणं द्या; पुलाव, उपमा, केळी, काहीही चालेल. ढोलवाल्यांना घाम फार येतो. साठ जणांना ताशी अर्धा लिटर धरलं तर तासाला ३० लिटर पाणी, म्हणजे २० लिटरचे दीड जार. जार रथामागच्या टेम्पोत ठेवा. पुढे ठेवले तर गर्दीतून कुणी पोचत नाही.

ट्रॅक्टरला दोन आणि जनरेटरला दोन न पिणारी माणसं आत्ताच ठरवा. खर्च रोज फलकावर लिहा. ‘किरकोळ’ या नावाखाली बाटली येते, तो रकानाच काढून टाका.

वस्ती_ताई:
१७ वर्षांच्या पोराला दारू देणं ही गंमत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वय लागतं. हे मोठ्या पोरांना बैठकीत वाचून दाखवा, कारण बाटली आणून देणारे तेच असतात.

वस्तीत कुणी व्हाइटनर किंवा सोल्यूशन हुंगताना दिसला तर ओरडून मागे धावू नका. दचकून पळताना हृदयाचे ठोके बिघडून जागेवर मृत्यू होऊ शकतो. शांतपणे जवळ बसा, मोकळ्या हवेत आणा.

पर्वती_पायथा:
जवळचं दुकानच बंद करता येईल का? आणि रात्री कुणी बेशुद्ध पडला तर?

वस्ती_ताई:
दुकान बंद करायला उभी बाटली-आडवी बाटलीचं (दुकान राहू दे की बंद कर, याचं) मतदान लागतं. त्यासाठी आधी २५ टक्के मतदारांच्या सह्या, मग त्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. दोन महिन्यांत होणार नाही. सुरुवात करा, पण विसर्जन त्यावर सोडू नका. ज्याला खरंच सोडायची आहे त्याच्यासाठी १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. येरवड्याचं मुक्तांगण तर १९८६पासून हेच काम करतंय. फोन त्याच्यासोबत बसून लावा, नुसता नंबर हातात देऊ नका.

रात्रपाळी_नर्स:
‘झोपू दे, उतरेल’ हे वाक्य घात करतं. झोपेतही पोटातली दारू रक्तात जात राहते. खांदा जोरात हलवून उठला नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, ओठ निळसर; यातलं एक जरी दिसलं तरी १०८. तोवर कुशीवर निजवा, वरचा गुडघा दुमडून पुढे, तोंड जरा जमिनीकडे, म्हणजे उलटी बाहेर पडेल. बोटं घालून उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका, अंगावर बादली ओतू नका. एक जण शेवटपर्यंत शेजारी बसून श्वास मोजेल. तो कोण, हेही पाळीच्या कागदावर आधीच लिहा.