मदत हवी: लेफ्ट फोर डेड २ ची जुनी डीव्हीडी घेऊ का? (पीसी, दोघा भावांसाठी)

पऱ्हाटी
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. शेती करतो, सोबत गावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम आहे, म्हणून घरी पीसी आहे. गेमिंगचं मला फार कळत नाही, त्यामुळे प्रश्न साधे वाटले तरी नीट समजावून सांगा.

जाहिरातीत एकानं लेफ्ट फोर डेड २ ची जुनी डीव्हीडी टाकली आहे. पीसीची, डब्यासकट, ४५० रुपये. तो अमरावतीचा आहे. दोन घेतल्या तर ८०० म्हणतो, कारण त्याच्याकडे दोन डबे आहेत. फोटोत डब्याचं प्लास्टिक निघालेलं दिसतं, पण तो म्हणतो, "आतली की (कागदावर छापलेला कोड) वापरलेली नाही." मी म्हटलं कीचा फोटो पाठवा, तर म्हणाला आधी पैसे.

का पाहिजे ते सांगतो. २०११-१२ च्या सुमारास मी आणि माझा धाकटा भाऊ तालुक्याच्या नेट कॅफेत हा गेम खेळायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार माणसं, चहूकडे झॉम्बी, आणि एका सेफ रूमपासून दुसऱ्या सेफ रूमपर्यंत जिवंत पोहोचायचं. हंटर नावाच्या झॉम्बीनं अंगावर झडप घातली की आपल्याला स्वतःहून सुटताच येत नाही, सोबत्यानं येऊनच सोडवावं लागतं. जॉकी मानेवर बसून भलतीकडे नेतो, तेव्हाही तेच. भाऊ तेव्हा बारा वर्षांचा होता. माझं आयुष्य दहावर आलेलं असायचं, मी ओरडायचो, "तू जा, दार लाव," पण तो मला टाकून एकदाही आत गेला नाही.

आता तो नागपूरला नोकरीला आहे. गेली तीन वर्षं आमचं बोलणं म्हणजे फोनवर सोयाबीनचा भाव आणि आईच्या गोळ्या. दिवाळीत आठ दिवस येणार आहे. त्याला न सांगता दोन मशीनवर गेम तयार ठेवायचा विचार आहे.

माझा पीसी: आय-थ्री सेकंड जनरेशन, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज ७, डीव्हीडी ड्राइव्ह चालू. भाऊ त्याचा लॅपटॉप आणेल, आय-फाइव्ह एट्थ जनरेशन. घरी वायफाय नाही, मोबाइलचा रोजचा दीड जीबी. त्यामुळेच डीव्हीडीचा विचार आला, म्हणजे डाउनलोड करावं लागणार नाही.

प्रश्न: जुनी डीव्हीडी चालेल का? दोघांना दोन लागतील का? आणि इंटरनेटशिवाय केबल लावून खेळता येईल का?

वाशीमवाला
भाऊ, घेऊ नोका. तुमी डब्ब्याच्या मांगं लागले, पण खरी गोष्ट चाबीची हाय. ते चाबी एकदा कोणाच्या खात्यात गेली तं डब्बा म्हणजे निस्ता पुठ्ठा. आधी पैसे मांगते ना तो, तिथंच समजून घ्या.

नेटकॅफे_ताई
दादा, आमचा बरीच वर्षं नेट कॅफे होता, म्हणून सविस्तर लिहिते.

हा गेम वॉल्व्ह कंपनीचा, नोव्हेंबर २००९ चा. डब्यात डीव्हीडी आली तरी तो स्टीमवरच (वॉल्व्हचं गेम विकायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) चालतो. डब्यातल्या कागदावर छापलेली की स्टीमच्या खात्यात टाकायची, मग ती त्या खात्याला कायमची चिकटते. डीव्हीडी फक्त फाइली पोहोचवायचं साधन आहे, मालकी त्या कीमध्ये. प्लेस्टेशनची जुनी डिस्क घेतली की दुसऱ्याकडे चालते, तसं इथे होत नाही. वापरलेली की दुसऱ्या खात्यावर हलवून द्यायची सोय स्टीम देत नाही. म्हणून पीसीवर स्टीमचा "सेकंडहँड" गेम असा काही प्रकारच उरत नाही. एक तर की कोरी असते, नाही तर तुमच्या हाती काहीच येत नाही.

कोरी आहे का हे डोळ्यांनी पाहून कळत नाही. स्क्रॅच कार्डासारखं त्यावर काही नसतं. एकच खात्रीचा मार्ग: विकणाऱ्यासमोर बसून तुमच्या खात्यात की टाकायची, गेम तुमच्या लायब्ररीत दिसला की पैसे द्यायचे. अमरावतीला एरवी काम असेल तर ठीक, पण एवढ्यासाठी आर्णीहून जाण्यायेण्याचं भाडंच डब्याच्या किमतीला भिडेल.

अजून एक. असे लोक पुढे म्हणतात, "की नको तर माझं खातंच घ्या, त्यात गेम आहे." ते अजिबात घेऊ नका. खातं विकणं स्टीमच्या करारात बसत नाही, आणि मूळ मालक जुन्या खरेदीचा पुरावा दाखवून खातं परत मिळवू शकतो. आमच्या ओळखीच्या एका पोरानं असं खातं घेतलं होतं. दोन महिन्यांनी पासवर्ड बदललेला, विकणाऱ्याचा फोन बंद. शिवाय त्या खात्यावर आधी कोणी चीटिंग केलेली असेल तर वॅकची (स्टीमची चीटिंग पकडणारी यंत्रणा) बंदी असते, ती उठत नाही. या गेमला वॅक लागू आहे.

आणि डीव्हीडीनं डाउनलोड वाचेल असं वाटतं तेही खरं नाही. ती फाइल २००९ ची. त्यानंतर गेममध्ये पहिल्या भागाच्या सगळ्या मोहिमा आल्या, सप्टेंबर २०२० मध्ये 'द लास्ट स्टँड' नावाचं मोठं अपडेट आलं. डीव्हीडी टाकूनही स्टीम बरेच जीबी मागेलच.

पऱ्हाटी
ताई, मनापासून आभार. डीव्हीडी आणि की वेगळ्या गोष्टी आहेत हे मला आजवर कळलंच नव्हतं. त्याला आताच मेसेज केला की समोर बसून की टाकू, लागलीच पैसे देतो. बघतो काय म्हणतो.

पहिल्या भागाच्या मोहिमा याच्यातच आहेत म्हणता, म्हणजे पहिला भाग वेगळा घ्यायची गरज नाही?

नेटकॅफे_ताई
नाही. पहिला भाग २००८ चा, त्याच्या मोहिमा दुसऱ्यात आल्यात. सगळ्या मिळून १४ आहेत. तुम्ही दोघं कॅफेत 'नो मर्सी' खेळले असाल, हॉस्पिटलच्या गच्चीवरून हेलिकॉप्टर येतं ती. तीही यात सापडेल.

जुनी_रॅम
मला तुमच्या मशीनबद्दल बोलायचं आहे, कारण खरी अडचण तिथे आहे. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७ आणि ८ वर स्टीमचा सपोर्ट बंद आहे. की मिळाली तरी तुमच्या पीसीवर भरवसा नाही. आधी विंडोज १० टाका, ६४ बिटचं. सेकंड जनरेशनवर चालतं. जमलं तर एक छोटी एसएसडी घाला आणि रॅमची दुसरी कांडी लावा, डीडीआर३ जुन्या बाजारात स्वस्त मिळते. जुना माल घ्यायचाच असेल तर या वस्तू घ्या. रॅमला की नसते, लावली आणि चालली म्हणजे तुमची.

गेमला तुमचं मशीन पुरेल. त्याला लागणारी किमान रॅम २ जीबी, जागा साधारण १३ जीबी. रिझोल्यूशन कमी ठेवा, शॅडो खाली आणा.

विकत घ्यायचा तर स्टीमवरूनच घ्या, यूपीआयनं पैसे भरता येतात. हा गेम सेलमध्ये ८०-९० टक्के सुटीवर येतो, आणि वर्षातून बरेचदा येतो. ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविनच्या सुमारास भयाच्या गेम्सवर सूट असते, डिसेंबरअखेर मोठा सेल लागतो. दोन कॉपी मिळूनही तुमचे ८०० लागणार नाहीत. चालला नाही तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. जाहिरातीतला माणूस हे देणार आहे का?

वऱ्हाडवारा
दुसरेही पाहा ना. किलिंग फ्लोर २, जीटीएफओ, बॅक फोर ब्लड, सगळे याच जातीचे. बॅक फोर ब्लड तर लेफ्ट फोर डेडचा पहिला भाग बनवणाऱ्या टर्टल रॉकचाच, २०२१ चा.

जुनी_रॅम
त्यांच्या पीसीवर यातलं एकही उठणार नाही, आणि रोजच्या दीड जीबीत उतरणारही नाही. मशीन तपासायचंच असेल तर 'नो मोअर रूम इन हेल' घ्या. स्टीमवर फुकट आहे आणि लेफ्ट फोर डेड २ ज्या सोर्स इंजिनवर, म्हणजे गेमच्या मूळ सॉफ्टवेअरवर, बांधलाय त्यावरच चालतो. तो नीट चालला तर लेफ्ट फोर डेड २ ची काळजी करू नका.

पऱ्हाटी
विकणाऱ्याचं उत्तर आलं. समोर की टाकायला तो तयार नाही. म्हणे, "मग तुम्ही पैसे न देता निघून गेले तर?" त्याचीही भीती मी समजू शकतो, पण तिथे येऊन, त्याच्या घरी बसून मी कुठे पळणार होतो? नाद सोडला.

विंडोज १० गावातल्याच एका पोरानं टाकून दिलं, रॅम यवतमाळहून आणली. आता दोन गोष्टी सांगा. एक, दोन कॉपी घ्याव्याच लागतील का? स्टीमवर घरातल्यांनी मिळून वापरायची सोय आहे असं वाचलं. दोन, १३ जीबी आणायचे कुठून? आमच्याकडे संध्याकाळी नेटवर्क एक काडीवर असतं, आणि व्होल्टेज कमी झालं की टॉवरही झोपतो.

नेटकॅफे_ताई
फॅमिली शेअरिंगमध्ये एक कॉपी एका वेळी एकालाच खेळता येते. दोन मशीन म्हणजे दोन कॉपी.

पण एका कॉपीत दोघांनी खेळायचाही रस्ता आहे. पीसीवर स्प्लिट स्क्रीन (एकाच पडद्याचे दोन भाग करून दोघांनी खेळणं) मेनूत दाखवत नाहीत, तरी गेमच्या आत ती आहे. कन्सोल (गेममधली आज्ञा लिहायची खिडकी) उघडून साध्या मॅपच्या आज्ञेऐवजी 'एसएस_मॅप' लिहून मोहिमेतल्या मॅपचं नाव टाकायचं. एकाला कीबोर्ड-माउस, दुसऱ्याला कंट्रोलर. भावाचा लॅपटॉप टीव्हीला लावला की झालं. कंट्रोलर जुना घेतला तरी चालेल, फक्त दोन्ही काड्या हलवून पाहा. आपोआप एका बाजूला सरकत असेल तर घेऊ नका.

डाउनलोडचं सोपं आहे. भावाच्या खोलीवर वायफाय असेलच. त्याला तिथेच उतरवू द्या, मग लॅपटॉपमधलं गेमचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन तुमच्या पीसीच्या स्टीममध्ये त्याच जागी ठेवा आणि इन्स्टॉल दाबा. स्टीम फाइली ओळखतं, कमी असेल तेवढंच मागतं. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पुरे.

यात त्याला आधी कळेल, ते तुम्ही बघा.

जुनी_रॅम
मी म्हणेन दोन कॉपी घ्या. दिवाळी झाल्यावर तो लॅपटॉप घेऊन नागपूरला जाणार. मग स्प्लिट स्क्रीनचा काय उपयोग? दोघांची आपापली कॉपी असली तर रात्री ऑनलाइन खेळता येईल. खेळताना डेटा फार लागत नाही, जड असतं ते डाउनलोड.

एक खबरदारी. नव्या खात्यावर ५ डॉलरची खरेदी होईपर्यंत स्टीम त्याला मर्यादित ठेवतं, त्यावरून मित्र जोडायची विनंती पाठवता येत नाही. दोघांची खाती नवी असतील तर एकानं वॉलेटमध्ये तेवढे पैसे टाका. केबलवर खेळायला याची गरज नाही.

वाशीमवाला
आन् भाऊ, यूपीएस घ्या बरं. दिवाळीत गावठाणाच्या फीडरवर लय लोड राह्यते. लाइन गेली तं पीसीवाला बाद, लॅपटॉपवाला खेळून राह्यला, असं नोको.

पऱ्हाटी
मंडळी, सगळं सांगायला आलो. उशीर झाला, कापूस वेचणीला माणसं मिळत नव्हती.

भावाला शेवटी सांगावंच लागलं. फोनवर म्हटलं, "लेफ्ट फोर डेड २ उतरवून आण," तर तिकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "दादा, किती कॉपी?" हॅलोविनच्या सुटीत दोन घेतल्या, त्याची त्यानं, माझी मी. त्यानं नागपूरला उतरवून आणला, मी पेनड्राइव्हवरून टाकला. ताईंनी सांगितलं तसंच झालं, वरून अगदी थोडं उतरलं.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या रात्री बसलो. 'हार्ड रेन' लावली. त्यात साखर कारखाना आहे आणि पलीकडे ऊस, आणि त्या उसात अंधारात विच नावाची झॉम्बी रडत बसलेली असते. अंगावर टॉर्च मारला, धक्का लागला की उठते आणि एका फटक्यात आडवं करते. आमच्याकडे उमरखेड-महागाव भागात ऊस आहे, लहानपणी मामाकडे रात्री फडाच्या कडेनं चालताना जी भीती वाटायची ती तशीच्या तशी परत आली. जाताना कोरडी वाट, आणि तोच रस्ता परतताना कमरेएवढ्या पाण्यात. पावसाचा जोर वाढला की पुढचं दिसत नाही, सोबत्याचा आवाजही नीट येत नाही. आम्ही शेजारी बसूनही ओरडत होतो. आईनं येऊन विचारलं, "काहून भांडून राहिले?"

साडेनऊला लाइन गेली. यूपीएसनं सात-आठ मिनिटं काढली, मग माझा पीसी बंद. पण सर्व्हर भावाच्या लॅपटॉपवर होता, त्यामुळे खेळ थांबला नाही. माझ्या जागी बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेला खेळाडू, आला. भाऊ पुढे गेलाच नाही, पेट्रोल पंपाच्या छतावर चढून बसला. चाळीस मिनिटांनी लाइन आली, मी परत जोडला गेलो, बॉटच्या जागी उभा झालो, मग दोघं मिळून निघालो.

केबलचं कोणाला लागलं तर: दोन्ही मशीन आधी एकदा नेटवर स्टीममध्ये लॉगिन करून ऑफलाइन मोडमध्ये टाकल्या. साधी लॅन केबल थेट लावली, दोन्हीकडे आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) हातानं दिले, एकाचा शेवट १ नं, दुसऱ्याचा २ नं. लॅपटॉपवर कन्सोलमध्ये 'एसव्ही_लॅन १' लिहून मॅप सुरू केला, माझ्याकडे 'कनेक्ट' लिहून त्याचा आयपी टाकला. पहिल्यांदा जोडलं नाही, विंडोजच्या फायरवॉलमध्ये गेमला परवानगी दिल्यावर जोडलं.

तो काल नागपूरला गेला. त्याच्या खात्यावर आधीची खरेदी होती, त्यामुळे मित्र म्हणून त्यानंच मला जोडलं. शनिवारी रात्री दहाला 'नो मर्सी' ठरली आहे. दोन जागा रिकाम्या आहेत. वाशीमवाला भाऊ, ताई, तुमच्याकडे गेम असेल तर या.