तीन शहाणे की मागी?

निवांत: एक अडलंय. शेजारच्या ताई चर्चमधे रविवारी मुलांना शिकवतात, त्यांना 'मागी लोकांपासून काय शिकावं' असं एक दोन पानी इंग्रजी टिपण मराठीत हवं होतं. मागी म्हणजे तारा बघून बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ते लोक, इंग्रजीत 'वाइज मेन'. मी 'वाइज मेन'चं 'तीन शहाणे' करून दिलं. ताईंनी वाचायला घेतलं तर मागच्या बाकावरचे आजोबा म्हणाले, "आणि अर्धा कुठंय?" पालक सगळे हसले, मुलांना काहीच कळलं नाही. आता काय लिहू?

चकोट: पेशवाईतले साडेतीन शहाणे हो! सखारामबापू, देवाजीपंत, विठ्ठल सुंदर आणि अर्धे नाना. मराठीत शहाणा शब्द सरळ येतोच कुठे, आई "शहाणाच आहेस" म्हणाली की समजायचं काय ते. 'ज्ञानी' करून टाका.

वसईकर: आमच्यात तीन राजेच म्हणतात, ६ जानेवारीला सण असतो. पण बायबलात ही गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, तिथे राजेही नाहीत नि तीन आकडाही नाही, भेटी तीन (सोनं, ऊद, गंधरस) म्हणून माणसं तीन धरली. आणि हे लोक 'घरात' गेले असं लिहिलंय, गोठ्यात मेंढपाळ गेले ते लूकच्या शुभवर्तमानात.

रानवारा: मागी म्हणजे माग काढणारे. ताऱ्याचा माग काढत आले, इतकं सोपंय.

निरुक्त: काहीही काय रानवारा! जुन्या फारसीतला मगु, ग्रीकमधे गेला तो मागोस. पारशांच्या 'मोबेद'मधला, म्हणजे त्यांच्या पुरोहितातला, 'मो' हाच. आपल्याकडचे मग ब्राह्मण पण त्याच घराण्यातले, सूर्याच्या मूर्तीची प्रतिष्ठा मगांनी करावी असं वराहमिहिर बृहत्संहितेत सांगतो. असल्या व्युत्पत्त्यांनीच मराठीची वाट लागलीय.

गोंयकार: आमच्या मांडवीकाठच्या रेइश मागुश गावाच्या नावातला मागुश पण हाच. तीन रायांच्या फेस्ताला तीन भुरगे मुकुट घालून घोड्यावर बसतात.

रानवारा: असेल फारसी, पण पोरांना 'माग काढणारे' सांगितलं तर जन्मभर लक्षात राहील, तुमचा मगु चहाबरोबर विसरतील.

वसईकर: व्युत्पत्ती चूक, पण गोष्ट तीच आहे बरं का. ख्रिस्त कुठे जन्मायचा ते हेरोद राजाने याजक नि शास्त्र्यांना विचारलं, त्यांनी मीखा संदेष्ट्याचं वचन धडाधड म्हणून दाखवलं, बेथलेहेम! यरुशलेमहून नऊदहा किलोमीटर फक्त. त्यातला एकही उठून गेल्याचं मत्तय सांगत नाही. परके लोक मात्र एवढ्या लांबून आले, यरुशलेमात येऊन लाज न बाळगता विचारलं नि पोचले. म्हणून मला 'ज्ञानी' खटकतं, ज्ञानी तर हेरोदाकडे बसलेले होते.

चकोट: मग शहाणेच बरं की. शहाणा विचारून जातो.

निरुक्त: आणि बायबलातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हाच ग्रीक शब्द जादूगाराला लावलाय, त्याचं काय करणार? मागीच ठेवा. कळत नसेल तर समजावून सांगा, शब्द पातळ कशाला करायचा?

माईआजी: मधेच विचारते, ते गंधरस म्हणजे आपला हिराबोळच ना? माझ्या बाळंतपणात सासूबाई रोज सकाळी गुळात घालून द्यायच्या. लालसर खडा, खलबत्त्यात कुटला की चिकटून बसायचा नि कडू म्हणजे काय, गूळ संपला तरी जिभेवर कडूच. जन्मलेल्या बाळाच्या घरी तो घेऊन गेले याचं मला कधी नवल वाटलं नाही, चर्चमधे मात्र सांगतात मढ्याला लावायचा म्हणून आणला.

निरुक्त: हो माई, अमरकोशात बोल आणि गंधरस एकत्रच दिलेत. ऊदाचं मात्र अवघड आहे. अरबीत ऊद म्हणजे अगरु, आपण निखाऱ्यावर टाकतो तो लोबान, आणि त्या लोकांनी नेला तो आपल्या सालईच्या जातीतल्या झाडाचा डिंक.

चकोट: बोळ काळा असतो ना पण?

निवांत: मंडळी, ताईंना शनिवारी झेरॉक्स काढायचीय. ज्ञानी, शहाणे की मागी?

माईआजी: काळा बोळ वेगळा रे, तो कोरफडीच्या रसाचा. दुकानात हिराबोळ म्हणून माग, नुसता बोळ म्हटलंस तर काळाच बांधून देतात.