मदत हवी आहे: धुळीच्या जागेवर केलेल्या चाचणीवरून गाडीचा सेटअप (सस्पेन्शन, चाके वगैरेंची जुळणी) ठरवावा का?

नमस्कार मंडळी,

पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) संघाला मी मार्गदर्शन करतो. गाडी विद्यार्थ्यांनीच बांधलेली आहे. तिच्यात चाकणला तयार झालेले केटीएम ३९० मोटरसायकलचे ३७३ सीसीचे इंजिन आहे आणि टायर १० इंची स्लिक, म्हणजे खाचा नसलेले गुळगुळीत, आहेत. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरील फॉर्म्युला भारत स्पर्धेची सध्या तयारी चालू आहे. पुण्याजवळ आम्हाला परवडेल असा ट्रॅक नसल्याने चाचण्या वाघोलीच्या बाजूला एका डांबरी आवारात होतात.

त्या भागात खडी क्रशर असल्यामुळे डांबरावर कायम काळ्या पाषाणाची बारीक भुकटी बसलेली असते. ही भुकटी चिमटीत चोळली तर मातीसारखी विरत नाही, बोटांना टोचते. खराट्याने झाडून सकाळी जागा स्वच्छ केली तरी दुपारच्या वाऱ्याने पुन्हा थर बसतो.

स्किडपॅडवर, म्हणजे इंग्रजी आठच्या आकाराच्या ठरावीक मार्गावर, याचा परिणाम आकड्यांत दिसतो. न झाडलेल्या जागेवर एका वर्तुळाला साधारण ५.९ सेकंद लागतात; झाडून, टायर तापेपर्यंत फेऱ्या मारल्या की तोच वेळ ५.४ सेकंदांवर येतो. मार्गाच्या मध्यरेषेची त्रिज्या ९.१२५ मीटर धरली, तर लॅटरल जी (वळणातला बाजूचा त्वरण, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) सुमारे १.०५ वरून १.२६ पर्यंत जातो. पकड कमी होणार हे गृहीतच होते. मला खटकते ते हे, की त्याबरोबर गाडीचा तोलही बदलतो. धुळीत ती पुढून सरकते, म्हणजे स्पष्ट अंडरस्टिअर करते, आणि मार्ग स्वच्छ होत गेला की तीच गाडी जवळजवळ न्यूट्रल होते, म्हणजे पुढून-मागून सारखीच धरते.

मुलांचे म्हणणे असे, की पुढचा अँटीरोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा) मऊ करावा. मी तूर्त तसे करू दिलेले नाही. माझा अंदाज असा, की पुढची चाके धूळ आधी झेलतात आणि तुडवून बाजूला सारतात, त्यामुळे मागच्या चाकांना तुलनेने स्वच्छ डांबर मिळते. हा दोष बारचा नसून जागेचा असेल, तर वाघोलीत मऊ केलेला बार कोइंबतूरला, जिथे इतर संघांच्या गाड्यांनी मार्गावर रबर बसवलेले असेल, गाडीला मागून सुटायला लावेल. मात्र इतक्या लहान वर्तुळात मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेवरून तंतोतंत जात नाहीत, ती काहीशी आतून जातात, म्हणून या अंदाजावर मी पूर्ण विसंबलेलो नाही. कोणी दोन्ही चाकोऱ्या प्रत्यक्ष तपासल्या असतील तर जरूर लिहावे.

टायरच्या बाबतीत मामला आणखी गुंतागुंतीचा आहे. स्लिकची पकड काही अंशी रबर खडीच्या बारीक उंचवट्यांत दबल्यामुळे येते आणि काही अंशी पृष्ठभागाला चिकटल्यामुळे. धुळीने खळगे भरतात, चिकटणे जवळजवळ थांबते आणि फरशीवर ज्वारी सांडावी तसे सुटे कण रबराखाली गडगडू लागतात. पकड नाही म्हणून रबर पुरेसे तापत नाही, आणि तापत नाही म्हणून पकड आणखी घटते. आमच्याकडे टायरमध्ये सुई खुपसून तापमान पाहण्याचा पायरोमीटर आहे, पण धुळीतल्या फेऱ्यांनंतर टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या भागांतील फरक पाहून कॅम्बर (चाकाचा उभा कल) ठरवणे मला धाडसाचे वाटते. गाडी थांबल्यावर टायर राखाडी दिसतो, अंगठ्याने घासले तर खाली काळे रबर लागते. अशा टायरने दिलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

हा त्रास केवळ आमच्यासारख्यांना होतो असे नाही. हंगेरोरिंगवर वर्षभर शर्यती कमी होत असल्याने फॉर्म्युला वनच्या सरावाच्या पहिल्या दिवशी मार्ग धुळकट असतो, आणि २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर झालेल्या पहिल्या इंडियन ग्रां प्रीमध्येही रेसिंग लाइनच्या (गाड्या नेहमी जातात त्या रेषेच्या) बाहेरची धूळ चर्चेचा विषय होती. फरक इतकाच, की तिथे वीसहून अधिक गाड्या दोन दिवसांत लाइन झाडून काढतात, आणि आमच्याकडे झाडायलाही तीच गाडी आणि मोजायलाही तीच.

इंजिनाचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. नियमाप्रमाणे सगळी हवा २० मिलिमीटरच्या रिस्ट्रिक्टरमधून (हवा मर्यादित करणाऱ्या अरुंद नळीतून) जाते आणि एअर फिल्टर त्याच्या आधी बसतो. आमचे इंधनाचे गणित थ्रॉटलच्या कोनावर आणि आरपीएमवर चालते, त्यामुळे फिल्टर चोंदला तरी ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, ते कळत नाही. हवा कमी, इंधन तेवढेच, आणि लॅम्ब्डा सेन्सर मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, असे दाखवतो. तेल लावलेल्या कापडी फिल्टरवर फोमचे बाहेरचे आवरण चढवले, तर धूळ अडेल की रिस्ट्रिक्टरपुढे आणखी एक अडथळा उभा राहील? नाना पेठेत असे फोम सहज मिळतात, परंतु लावून पाहिलेल्या माणसाचे मत हवे आहे. रेडिएटरच्या फिन्समध्येही भुकटी बसते. तिथे आम्ही मागच्या बाजूने हलक्या दाबाची हवा मारतो आणि ते पुरते.

तेव्हा मुख्य प्रश्न असा, की धूळ आणि सेटअप यांचे परिणाम वेगळे कसे काढावेत? प्रत्येक बदलानंतर मूळ सेटअपवर परत जाऊन फेऱ्या माराव्यात, की सुरुवातीच्या फेऱ्या सरसकट सोडून द्याव्यात? पाणी मारून जागा धुण्याचाही विचार आहे, पण खाचांत उरलेला गाळ वाळून आणखी त्रास देईल अशी शंका वाटते. लॉगरवर (गाडीतल्या नोंदयंत्रावर) स्टिअरिंगचा कोन, लॅटरल जी, यॉ रेट (गाडी स्वतःभोवती वळण्याचा वेग) आणि चारही चाकांचा वेग नोंदवला जातो. यांपैकी नेमके काय पाहावे ते सांगितल्यास पुढच्या चाचणीचे आलेख इथेच देईन.