टँकरची नोकरी: "ट्रकच तो, वर टाकी बसवलेली" म्हणणाऱ्यांना उत्तर

डिपरॉड
कालच्या चर्चेत 'विचारात पडलेला' यांनी सरळ प्रश्न टाकला होता: मालट्रक चालवतो, पेट्रोल-डिझेलच्या टँकरवर बोलावणं आलंय, जावं का? त्यावर 'तिसरा गिअर' यांचं उत्तर: "ट्रकच तो, वर टाकी बसवलेली. पगार जास्त, हमाली नाही, डोळे झाकून घ्या." खाली +१ ची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

पोती दोराने आवळली की जागची हलत नाहीत. पेट्रोल आवळता येत नाही. टाकी अर्धी असताना ब्रेक मारला की सगळं पुढच्या भिंतीवर आदळतं आणि थांबलेली गाडी क्षणभराने पुन्हा पुढे ढकलली जाते. आतले भोकं असलेले आडवे पडदे या पुढच्या-मागच्या हिंदकळण्याला आवर घालतात. डावी-उजवीकडे ते काहीच करत नाहीत. वळणावर बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ४० ऐवजी ५० ने वळलात तर दीडपटीच्या वर. भार आधीच उंचावर, त्यात द्रव बाहेरच्या बाजूला चढतो. भरधाव नसतानाही टँकर आडवा होतो तो असा.

आणि हमाली नाही? चाकाखाली अडण लावा, बॅटरीचा मेन स्विच बंद करा, अर्थिंग जोडा, सील तपासा, कप्प्यातली पातळी बघा, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत जागा किती ते बघा, मग होस, म्हणजे माल उतरवायचा पाइप. वाफेचा होस (खालच्या टाकीतली वाफ टँकरमध्ये परत आणणारा) आधी टँकरला जोडायचा, नंतर टाकीच्या तोंडाला. उलट केलंत तर टाकीकडचा व्हॉल्व्ह जोडताक्षणी उघडतो आणि मोकळ्या टोकातून सगळी वाफ तुमच्या पायाशी. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, उडून जात नाही, गटारात उतरते.

तिसरा_गिअर
घाबरवायचा ठेका घेतलाय का साहेब? अर्धी टाकी, अर्धी टाकी म्हणून ओरडताय, पण टँकरला कप्पे असतात. एका ठिकाणी अख्खा कप्पा उतरवायचा, पुढचा कप्पा अख्खा भरलेलाच राहतो. भरलेला कप्पा हिंदकळेल कुठून?

खालून भरायच्या गाड्यांत अर्थिंग लागल्याशिवाय पंप सुरूच होत नाही. पातळी वर गेली की सेन्सर बंद करतो. भरताना माणसाने वर चढायचं कामच नाही. ताडपत्री नाही, दोर नाही, जास्त माल कोंबायचा आग्रह नाही. नीट शिकवलं तर काही आठवड्यांत हात बसतो. आणि डिझेलला कशाला घाबरायचं? त्याची वाफ पेटायला ते निदान ३५ अंशांपर्यंत तापावं लागतं. पेट्रोलचं शून्याखाली ४० च्या आसपास.

अर्थिंग_क्लिप
डिझेलला कशाला घाबरायचं, हे वाक्य ज्या गाडीवर लिहिलं असेल त्या गाडीपासून मी लांब उभा राहीन.

आधीच्या खेपेला त्या कप्प्यात पेट्रोल होतं, आता डिझेल भरताय. पेट्रोल भरताना आतली वाफ लवकरच इतकी दाट होते की पेटतच नाही. हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के, एवढ्याच पट्ट्यात ती पेटते. डिझेल मात्र उरलेली वाफ शोषून घेतं, दाट मिश्रण विरळ होत नेमकं त्या पट्ट्यात येतं. शिवाय डिझेल पाइपातून वाहताना स्थिर वीज साठवतं आणि ती लवकर सोडत नाही. म्हणून पाइपाचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा, आणि भरणं थांबल्या थांबल्या डिप रॉड (पातळी मोजायची पट्टी) आत सोडायचा नाही. काही मिनिटं थांबायचं. रिकामा टँकर "रिकामाच आहे" म्हणून, आत वाफ उरलेली असताना, वेल्डिंगला नेणारे महाभाग वेगळेच.

कप्प्यांचं तुमचं म्हणणं बरोबर, पण ऑर्डर नेहमी कप्प्याच्या मापाची येते का? पुढचे कप्पे रिकामे आणि शेवटचा भरलेला अशी गाडी चालवून बघा, स्टिअरिंग हवेत तरंगतं. म्हणून मागचा कप्पा आधी.

सील_तपास
आग, वळण, वीज हे सगळं शिकता येतं. ज्यावर कोणी बोलत नाही ते मी बोलतो: घट. उतरवताना कमी पडलेले लिटर कोणाच्या पगारातून जाणार? ड्रायव्हरच्या. बाकी गप्पा.

पेट्रोल दर अंशाला हजार लिटरमागे साधारण १.२ लिटर आकसतं. १२,००० लिटर गरम भरलं, ८ अंशांनी थंड झालं, ११५ लिटर गेले. कुठे गेले? कुठेच नाही. वजन तेवढंच आहे. तरी नाव चोर.

अर्थिंग_क्लिप
हे गणित सगळीकडे फिरतं आणि निम्मं चूक आहे. बंद कप्प्यातलं १२,००० लिटर पेट्रोल दोन-तीन तासांत ८ अंशांनी थंड होत नाही, एवढा मोठा साठा तापमान हळूच बदलतो. ते थंड होतं खालच्या टाकीत, तिथल्या गार मालात मिसळल्यावर. म्हणून भांडण कुठे मोजलं यावर आहे.

सील_तपास
वा! म्हणजे ड्रायव्हरच चोर, असंच ना? पंख्याखाली बसून तापमान शिकवू नका.

अर्थिंग_क्लिप
उलट वाचताय. मी ड्रायव्हरच्याच बाजूने बोलतोय. "थंडीने आकसलं" असं रडण्यापेक्षा उतरवायच्या आधी, सपाट जागेवर, घेणाऱ्याच्या समोर कप्प्यात डिप घ्या, डेन्सिटी आणि तापमान चलनावर लिहून सही घ्या. ती सही हातात असली की खालच्या टाकीचा आकडा तुमची डोकेदुखी नाही.

तो आकडा किती कच्चा असतो तेही बघा. २ मीटर व्यासाची, साडेसहा मीटर लांबीची आडवी टाकी निम्मी भरलेली असताना पट्टीवरचा १ मिलिमीटर म्हणजे १३ लिटर. माल उतरताना पंपावर विक्री चालू असेल तर हिशोब देवालाच विचारा.

सील_तपास
१३ लिटरचं मान्य. बाकी तुमचा सूर अमान्य.
आणि होस विसरलात. १०० मिलिमीटरचा ४ मीटर होस म्हणजे ३१ लिटर आतच. एका टोकापासून खांद्यावर उचलत चालत रिकामा केला नाही तर ते घटीत धरतात.

तिसरा_गिअर
म्हणजे हमाली आहे म्हणा की 😀

डिपरॉड
घटीवरून लग्न मोडायची वेळ आली, पण चुकीच्या टाकीत उतरवणं कोणीच काढलं नाही. दोन तोंडं शेजारी शेजारी, झाकणाचा रंग उडालेला, आणि भरताना कप्प्यांचा क्रम ऐन वेळी बदललेला. पेट्रोल डिझेलच्या टाकीत गेलं की थोडंसंही त्या अख्ख्या टाकीचा ज्वलनबिंदू (वाफ पेटायचं तापमान) खाली खेचतं. मग विक्री बंद, टाकी उपसा. त्यापुढे ११५ लिटर म्हणजे चिल्लर. कप्पा, चलन आणि तोंडावरची पाटी, तिन्ही मोठ्याने वाचून मगच होस लावायचा. "नेहमीचाच पंप आहे" म्हणणारे इथेच फसतात.

विचारात_पडलेला
प्रश्न माझा होता. जाऊ की नको?

डिपरॉड
मालकाला पाच गोष्टी विचारा, उत्तरावर ठरवा. घट किती टक्क्यांपर्यंत माफ आणि पुढची कोणाकडून, ते लेखी देणार का. वरून भरायची गाडी की खालून, कारण वरून असेल तर उंचावर चढणं आणि झाकणाशी तोंड नेऊन पेट्रोलची वाफ घेणं रोजचं, आणि त्यात कॅन्सर करणारं बेन्झीन असतं. सोबत अनुभवी माणूस किती खेपा देणार. आणि पैसे खेपेवर की तासांवर. खेपेवर असतील आणि ताटकळण्याचे मिळणार नसतील तर घाई तुमच्या पायातून ॲक्सिलरेटरवर उतरेल, वळणाचं वर लिहिलंच आहे. जागा धोक्याची वाटली तर उतरवायला नकार देता येतो का, हे उत्तर "बघू तेव्हा" असं आलं तर तिथूनच परत फिरा.

तिसरा_गिअर
बरं, "डोळे झाकून" मागे घेतो. "ट्रकच तो" मागे घेत नाही. ओव्हरलोड मालट्रकपेक्षा ही गाडी जास्त नियमात चालते, हे तुमच्यापैकी एकानेही खोडलं नाही.

अर्थिंग_क्लिप
खोडत नाही. जिथे नियम पाळतात तिथे.

सील_तपास
आणि सही घेतल्याशिवाय होस लावू नका. निघताना फूट व्हॉल्व्ह (कप्प्याच्या तळाचा) बंद, होस ट्रेमध्ये. जोडलेला होस घेऊन गाडी पुढे काढणारे अजून संपलेले नाहीत.