राष्ट्रकुल स्पर्धांना विरोध म्हणजे खेळाला विरोध?

पटपडगंजकर

२६ नोव्हेंबर २०२५ ला ग्लासगोमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या. तेव्हापासून आमच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर आहे, की आता विकासविरोधी मंडळी गळे काढणार. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी आपण ऑक्टोबर २०२४ मध्येच इरादापत्र दिलंय, म्हणजे हा विषय पुढची दहा वर्षं तरी संपत नाही. म्हणून हा धागा काढतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. अशा स्पर्धेला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं करारावर सही व्हायच्या आधी ऐकायला हवं. एकदा सही झाली की ‘करायचं का’ हा प्रश्न उरतच नाही, ‘वेळेत होईल का’ एवढाच उरतो, आणि त्या घाईत सगळं खपून जातं.

२०१० च्या दिल्लीचं बघा. मे २००३ च्या प्रस्तावात अंदाजे खर्च होता १२०० कोटी. स्पर्धा संपल्यावर कॅगने तो १८,५३२ कोटींवर नेऊन ठेवला. अहवाल आला २०११ मध्ये, चोर पळून गेल्यावर पोलीस यावेत तसा. पण आयोजन समितीचे अध्यक्ष कलमाडी आणि भ्रष्टाचार हा भाग सगळ्यांना पाठ आहे, त्यात मी जात नाही. मला सांगायचंय ते त्या लोकांबद्दल, जे २०१० च्या बरेच आधीपासून ओरडत होते.

तेव्हा मी पूर्व दिल्लीत राहायचो. अक्षरधामच्या बाजूला क्रीडाग्रामाच्या इमारती वर चढताना रोज दिसायच्या. ऑगस्ट २००७ पासून यमुनेच्या खादरात (नदीकाठच्या पूर येणाऱ्या जमिनीत) मनोज मिश्रांच्या ‘यमुना जिये अभियान’ची माणसं आणि तिथे भाजी पिकवणारे शेतकरी सत्याग्रहाला बसले होते. मिश्रा वनसेवेतले निवृत्त अधिकारी. मागणी साधी होती: खेळाडूंची घरं बांधा, पण नदीच्या पूरक्षेत्रात नको. दुसरीकडे ‘पीयूडीआर’ या नागरी हक्क संघटनेने बांधकाम मजुरांसाठी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. किमान वेतन नाही, नोंदणी नाही, हेल्मेट नाही, पत्र्याच्या खोपटात दहा-दहा माणसं. न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही पाहणीत तेच दिसलं. तिसरीकडे ‘हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क’ने माहिती अधिकारातून बाहेर काढलं, की दिल्ली सरकारने अनुसूचित जाती उपयोजनेचे शेकडो कोटी रुपये स्पर्धेच्या कामांकडे वळवले. ऑगस्ट २०१० मध्ये खुद्द गृहमंत्री चिदंबरम यांना राज्यसभेत हे मान्य करावं लागलं.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात रस्त्याकडेच्या झोपड्यांसमोर ‘शेरा’ या वाघाची चित्रं असलेले फ्लेक्स उभे केले होते. दोन फ्लेक्सच्या फटीतून एक बाई प्लास्टिकचे कॅन घेऊन टँकरकडे जाताना मी पाहिली. कॅन आडवे करून तिने आधी ते फटीतून बाहेर सरकवले, मग स्वतः अंग चोरून बाहेर आली. तिला विचारून कोणी ते फ्लेक्स लावले नव्हते.

तुमची मतं मांडा. विरोधी मतंही हवीत.

गोदाकाठचा_कोच

विरोधी मत मागितलंत म्हणून लिहितो. मी नाशिकला मुलींना लांब पल्ल्याचं पळणं शिकवतो. तुम्ही दिल्लीच्या रस्त्यावरून २०१० पाहिलं, मी ट्रॅकच्या बाजूने पाहिलं.

८ ऑक्टोबर २०१०, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, १०,००० मीटर. आमची सावरपाडा एक्सप्रेस, कविता राऊत, ब्राँझ. राष्ट्रकुलमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला. सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरून आलेली मुलगी! दोन-तीन दिवसांनी थाळीफेकीत सुवर्ण, रौप्य, ब्राँझ तिन्ही आपल्या मुलींना. कृष्णा पूनियाचं सुवर्ण हे १९५८ च्या मिल्खासिंगनंतर ॲथलेटिक्समधलं आपलं पहिलं राष्ट्रकुल सुवर्ण. मधली बावन्न वर्षं कोरडी होती. एकूण १०१ पदकं, त्यातली ३८ सुवर्ण.

हे आपोआप झालं नाही. यजमान आहोत म्हणून केंद्राने तयारीसाठी वेगळी योजना केली, लांबलचक शिबिरं झाली, परदेशी प्रशिक्षक आले, बाहेर स्पर्धा खेळायला मिळाल्या. महिनाभरात ग्वांगझूच्या एशियाडमध्ये १०,००० मीटरला प्रीजा श्रीधरन पहिली आणि कविता दुसरी आली, हा त्याच तयारीचा परिणाम. यजमानपद नसतं तर हा पैसा खेळाकडे आला असता का? तीस वर्षं या क्षेत्रात आहे. नसता आला.

आज माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलींच्या घरी कविताचं नाव माहीत आहे म्हणून त्यांना पाठवतात. ते १८,५३२ कोटींच्या हिशेबात कुठल्या खात्यात मांडणार?

नीरी_रोड

कोचसाहेबांशी सहमत. शिवाय पटपडगंजकरांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. क्रीडाग्रामाविरुद्धची याचिका शेवटी फेटाळली गेली. ३० जुलै २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं, की ही जागा नदीपात्रातही नाही आणि पूरक्षेत्रातही नाही. त्याला आधार होता आमच्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या अहवालाचा. शास्त्रज्ञांनी तपासलं, सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यानंतरही ‘आम्हीच खरे’ म्हणत राहायचं असेल तर ती चळवळ राहत नाही, हट्ट होतो.

यमुना पुश्त्यावरच्या (नदीच्या बांधालगतच्या) झोपडवस्त्या २००४ मध्ये हटवल्या त्याचंही खापर स्पर्धेवर फोडतात. त्या हटवल्या नदीवरच्या अतिक्रमणाबद्दल उच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशावरून.

भरतीरेषा

@नीरी_रोड, मी पाण्यातलाच माणूस आहे (पाटबंधारे, आता निवृत्त), म्हणून या मुद्द्यावर थोडं सविस्तर.

नीरीचा २००८ चा अभिप्राय तुम्ही सांगितलात. त्याआधी २००५ मध्ये याच नीरीने यमुनेच्या पूरक्षेत्रात कायमस्वरूपी निवासी बांधकाम करू नये असं सुचवलं होतं. मधल्या काळात काय बदललं? अक्षरधामजवळचा बांध. बांध झाला, म्हणून बांधामागची जमीन पूरक्षेत्र राहिली नाही असा तो युक्तिवाद आहे. कायद्याच्या दृष्टीने तो टिकला, मान्य. पण नदीला पसरायला लागणारी जागा बांध घातल्याने दुसरीकडे तयार होत नाही. इकडे अडवलेलं पाणी समोरच्या काठावर किंवा खाली जातं. शिवाय पूरक्षेत्राची वाळू पावसाळ्यात पाणी पिऊन खाली साठवते, आणि दिल्ली उन्हाळ्यात ते उपसते. त्यावर बहुमजली इमारती उभ्या केल्या की ते पिणं थांबतं. मिश्रा नेमकं हेच सांगत होते, आणि नदी कळणाऱ्या कुठल्याही माणसाने हेच सांगितलं असतं.

सप्टेंबर २०१० मध्ये, स्पर्धेला दोन-तीन आठवडे असताना, यमुना फुगली आणि क्रीडाग्रामाच्या तळघरांतून पाणी उपसायची वेळ आली. मनोज मिश्रा जून २०२३ मध्ये गेले. पुढच्याच महिन्यात जुन्या लोखंडी पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, १९७८ चा विक्रम मोडून. त्या पुराला एकटं क्रीडाग्राम कारण आहे असं मी म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. पण पूरक्षेत्राचा एकेक तुकडा ‘हा तर आता पूरक्षेत्रात येतच नाही’ म्हणून सोडून द्यायची सवय तिथे पक्की झाली.

पटपडगंजकर

पुश्त्याबद्दल. आदेश न्यायालयाचा होता हे बरोबर. कारण काय दिलं होतं? झोपड्यांमुळे नदी घाण होते, पात्रात अतिक्रमण होतं. दीड लाखाच्या आसपास माणसं उठवली आणि ज्यांना जागा मिळाली त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला बवानाला नेऊन टाकलं. पाच वर्षांनी त्याच नदीच्या समोरच्या काठावर बिल्डरच्या फ्लॅट्सना परवानगी मिळाली, आणि बिल्डर आर्थिक अडचणीत आल्यावर डीडीएने (दिल्ली विकास प्राधिकरणाने) सरकारी पैशाने फ्लॅट विकत घेऊन त्याला सावरलं. गरिबाचं खोपट नदीत येतं आणि श्रीमंताचा टॉवर येत नाही, हे मला आजही गिळता येत नाही. याला हट्ट म्हणायचं असेल तर म्हणा.

कोचसाहेब, कविता राऊतचा अभिमान मलाही आहे. पण शिबिरं आणि प्रशिक्षक यांना लागला तो खर्चाचा अगदी छोटा भाग. तेवढा पैसा स्पर्धा न भरवताही देता येतो.

चार्ल्सतीरी

बॉस्टनहून. इथे काय झालं ते सांगते, कारण ‘विरोध’ म्हटलं की आपल्याकडे रस्ता रोको डोळ्यांसमोर येतो.

जानेवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २०२४ साठी बॉस्टनची निवड केली. बांधकाम कंपन्या, बडे उद्योगपती, महापौर सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ‘नो बॉस्टन ऑलिंपिक्स’ नावाचा, ख्रिस डेम्पसी वगैरे तिशीतल्या तरुणांचा छोटा गट. महापौर मार्टी वॉल्श म्हणाले होते, विरोधक म्हणजे ट्विटरवरची दहा माणसं. या गटाचा एकूण खर्च दहा हजार डॉलरच्या आत, समोरच्यांचा कोटींमध्ये. पण हे लोक प्रत्येक जाहीर सभेला जायचे आणि एकच प्रश्न धरून ठेवायचे: खर्च वाढला तर तूट कोण भरणार? ऑलिंपिकच्या करारात ती हमी यजमान शहराला द्यावी लागते. मूळ प्रस्तावातली पानं बाहेर आली तसा लोकांचा पाठिंबा घसरत गेला. २७ जुलै २०१५ ला त्याच वॉल्श यांनी सांगितलं, करदात्यांचे पैसे गहाण टाकणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही. त्याच दिवशी बॉस्टनचा प्रस्ताव मागे घेतला गेला.

मी तेव्हा एका सभेला गेले होते. शाळेच्या हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या, दोन रांगांच्या मध्ये एक माईक. आपला नंबर आला की उभं राहून विचारायचं. माझ्या पुढे बसचालकाच्या गणवेशातला एक गृहस्थ होता. त्याने विचारलं, मॅरेथॉनच्या दिवशीच माझी बस तासभर अडकते, मग तीन आठवडे मी काय करू? समितीच्या माणसाला उत्तर देता आलं नाही. तो माईक मला अहमदाबादमध्ये हवा आहे.

हॅम्बुर्गने २०१५ मध्ये आणि कॅलगरीने २०१८ मध्ये थेट मतदान घेतलं. दोन्ही शहरांत लोक ‘नको’ म्हणाले.

बाणेर_हायवे

बॉस्टनला सगळं आधीच आहे हो. विद्यापीठं आहेत, मेट्रो आहे, मैदानं आहेत. त्यांना ‘नको’ म्हणणं परवडतं. आपल्याकडे तारीख डोक्यावर बसल्याशिवाय काही हलत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा पुण्याला मिळाल्या म्हणून बालेवाडीचं क्रीडासंकुल झालं, तेव्हा त्या भागात नुसती शेतं होती. त्याच संकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, पुढे एटीपी टेनिस आलं. माझी मुलगी तिथे पोहायला शिकली. दिल्लीला विमानतळाचं टी-३ टर्मिनल, लो-फ्लोअर बसेस आणि मेट्रोच्या इतक्या लाइन एवढ्या वेगाने मिळाल्या असत्या का? चार वर्षं गैरसोय सोसून शहर वीस वर्षं पुढे जात असेल तर मला ते मंजूर आहे.

आणि अहमदाबादची तुलना दिल्लीशी कशाला? मोटेराचं स्टेडियम तयार आहे, नारणपुऱ्याचं संकुल २०२५ मध्ये सुरूही झालं.

पटपडगंजकर

मेट्रोचं उदाहरण घेतलंत म्हणून. विमानतळाची मेट्रो खास या स्पर्धेसाठी व्हायची होती. ती सुरू झाली फेब्रुवारी २०११ मध्ये, पाहुणे घरी गेल्यावर चार महिन्यांनी. बाकीच्या लाइन मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यात होत्याच. तारखेच्या धाकाने झालं ते दुसरंच: स्पर्धेला दोन आठवडे असताना, २१ सप्टेंबरला, नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. त्यात जखमी झाले ते मजूर.

नीरी_रोड

पूल पडला हे वाईटच. पण ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने खर्च वाढतोय म्हणून जुलै २०२३ मध्ये २०२६ च्या स्पर्धा सोडून दिल्या, आणि ३८० दशलक्ष डॉलर भरपाई भरली. एकही शर्यत न होता. माघारही फुकट नसते, हेही विरोधकांनी लोकांना सांगायला हवं.

चार्ल्सतीरी

सांगायलाच हवं. म्हणूनच प्रश्न सहीच्या आधी विचारायचे. व्हिक्टोरियाने सही करून मग हिशेब केला.

गोदाकाठचा_कोच

बॉस्टनताईंचा तो माईक मला पटला. तसा माईक लागला तर मीही रांगेत उभा राहीन, आणि माझा प्रश्न असेल: स्पर्धेनंतर ट्रॅक कोणाच्या ताब्यात, आणि पाड्यावरच्या मुलीला तिथे सकाळी पाचला फुकट शिरता येईल का?

पण ‘स्पर्धाच नको’ याला माझा पाठिंबा नाही, आणि राहणार नाही. पटपडगंजकर म्हणतात तसा पैसा स्पर्धेशिवायही देता येतो. देता येतो, पण दिला जात नाही. घरच्या मैदानात, आपल्या भाषेत ओरडणाऱ्या माणसांसमोर धावणं काय असतं हे एकदा तरी माझ्या मुलींना मिळावं असं मला वाटतं. मजुराचं नाव मस्टरवर चढवा, नदी सोडा, पण स्पर्धा घ्या.

भरतीरेषा

कोचसाहेब, मग तुमचं आणि मिश्रांचं म्हणणं फारसं वेगळं नाही. स्पर्धा रद्द करा असं तेही म्हणत नव्हते, जागा बदला म्हणत होते. २००७ मध्ये ते सहज शक्य होतं. त्यांना तेव्हाच स्पर्धाविरोधी ठरवून टाकलं.

पटपडगंजकर

एक काम करता येईल. जानेवारी २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की भारतीय ऑलिंपिक संघटना आणि राष्ट्रकुल स्पर्धेची आयोजन समिती माहिती अधिकाराखाली येतात. २०२५ च्या नव्या क्रीडा प्रशासन कायद्यातही सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना माहिती अधिकार लागू आहे. तेव्हा यजमान कराराची प्रत, तूट भरून देण्याची हमी कोणी दिली त्याचं पत्र आणि संपादन होणाऱ्या जमिनींची यादी, एवढं मागणारा अर्ज मी तयार करतो. कोचसाहेब, तुमचा ट्रॅकच्या ताब्याचा प्रश्न त्यात चौथा घालतो. भरतीरेषा, साबरमतीच्या पूररेषेबद्दल नेमकं काय मागायचं ते तुम्ही लिहून द्या. रविवारपर्यंत मसुदा इथेच टाकतो, दुरुस्त्या सुचवा.