लाइपझिगमध्ये क्लाइनगार्टन मिळतोय, घ्यावा का? (लायसन्सचं पण विचारायचंय)

रानजाई
नमस्कार मंडळी, गेले चार महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही नोव्हेंबरात नाशिकहून लाइपझिगला आलो, मी, नवरा आणि दोन पोरं. घर तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी म्हणजे कपड्यांचा स्टँड उभा केला की संपली. तर झालंय असं की खालच्या मजल्यावरच्या आजींचा क्लाइनगार्टन (म्हणजे भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा) आहे, ट्रामने वीसेक मिनिटांवर, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून त्या सोडतायत आणि फेराइनला (बागवाल्यांच्या संघटनेला) आमचं नाव सुचवते म्हणाल्या. 240 चौरस मीटर जागा, एक लाकडी खोपटं, दोन सफरचंदं, एक चेरी, बाकी सगळं गवत. झाडांचे नि खोपटाचे मिळून 2400 युरो, वर्षाचं भाडं मात्र अगदीच किरकोळ.

माझं आजोळ निफाडचं, द्राक्षवाले, त्यामुळे माती दिसली की हात शिवशिवतात. नवरा म्हणतो रविवारी बाटल्या काचेच्या डब्यात टाकल्या तर शेजारी खिडकीतून बघतात, बागेत तर नियमांची अख्खी वही असेल. शिवाय म्हणे तिथे भाज्या लावायची सक्ती असते, हे खरं का? आणि लावायचं काय, म्हणजे आपल्या जेवणात येईल असं? दुसरं म्हणजे मातीच्या गोण्या ट्राममधून न्यायच्या का, म्हणून गाडीचा विचार चाललाय. दोघांकडे भारतातलं लायसन्स आहे, मी नाशकात दहा वर्षं गाडी चालवलीय, इथे ते चालतं का?

मुक्काम_हाल्ले
ताई, घ्या. डोळे झाकून नाही, पण घ्या. बर्लिनमध्ये लोक वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असतात आणि तुम्हाला घरबसल्या विचारलंय. आणि तुम्ही तर या सगळ्याच्या माहेरघरी आहात, पहिला श्रेबर-फेराइन लाइपझिगमध्येच 1864 साली निघाला, गंमत म्हणजे ज्या श्रेबर डॉक्टरचं नाव दिलं तो तेव्हा वारलेला होता आणि मूळ कल्पना पोरांना खेळायला मैदान हवं अशी होती, बागा नंतर आल्या. त्याच फेराइनच्या जुन्या इमारतीत आता क्लाइनगार्टनचं म्युझियम आहे, पोरांना घेऊन जा एकदा.

सक्तीचं म्हणाल तर हो, साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाज्या हव्यातच. तुमच्या 240 मध्ये ते 80 मीटर झाले, पण फळझाडं आणि बेरीची झुडपंही त्यात धरतात त्यामुळे वाटतं तेवढं अवघड नाही. खोपटं, म्हणजे लाउबे, ओसरीसकट 24 चौरस मीटरच्या वर नको आणि तिथे बिऱ्हाड थाटायचं नाही. रविवारी गवत कापायचं मशीन नाही म्हणजे नाही, आमच्याकडे दुपारी 1 ते 3 पण नाही. वर्षातून काही तास सामूहिक काम असतं, रस्ता साफ कर, कुंपण रंगव. नाही गेलात तर पैसे भरा. पण जाच, माझं जर्मन कोर्सपेक्षा तिथे कुदळ मारताना जास्त सुधारलं, सॅक्सन उच्चारासकट.

आता मुख्य मुद्दा, पैसे देण्याआधी बघायचं काय. एक, फेराइनने नेमलेला माणूस येऊन झाडांची नि खोपटाची किंमत काढतो, त्याचा कागद मागा, आजी कितीही गोड असल्या तरी. दोन, कुंपणाशी थुया, फर (ही सूचिपर्णी झाडं), अक्रोड असलं काही आहे का, ही झाडं बहुतेक ठिकाणी चालत नाहीत आणि सही केलीत की तोडायचा खर्च तुमचा. तीन, खोपट्याचं छप्पर. जुन्या डीडीआरच्या (पूर्व जर्मनीच्या) काळातले करडे नागमोडी पत्रे असले तर अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ घातक. आम्ही हे विचारलं नव्हतं, नंतर छप्पर काढून विल्हेवाट लावण्यात जे पैसे गेले त्यात घरची एक वारी झाली असती.

नको_रे_बाबा
मी दीड वर्षात सोडला. एप्रिल ते सप्टेंबर दर शनिवारी तिथेच, कुठे फिरायला जायची सोय नाही, आणि बरोबर जुलैत भारतात जायचं तर पाणी कोण घालणार. वर शेजारचे गृहस्थ टेप घेऊन कुंपणाची उंची मोजायचे. ज्याला आवड आहे त्यानेच घ्यावा, "पोरांना निसर्ग" वगैरेसाठी शहरातले पार्क फुकट आहेत.

डावीकडून_उजवीकडे
लायसन्सचं मी सांगतो कारण यात मी स्वतः एकदा आपटलोय.

इथे राहायला आल्यापासून 6 महिने भारतातलं चालतं. त्यानंतर चालवलीत तर ते विनालायसन्सच, इन्शुरन्सची वेगळी बोंब. तुम्ही नोव्हेंबरात आलात म्हणजे मे मध्ये संपलं. भारताचं नुसतं बदलून देत नाहीत, लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, पण नवीन शिकणाऱ्याला असतात तसे सक्तीचे तास आपल्याला नाहीत. तरी फारश्युले (ड्रायव्हिंग स्कूल) लागतेच कारण परीक्षेला गाडी नि मास्तर त्यांचेच. अर्ज आत्ताच करा, कागद हलायला वेळ लागतो: लायसन्सचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स, फोटो. नवीन हातात मिळताना जुनं ते काढून घेतात, तेव्हा आधी स्कॅन करून ठेवा.

लेखी इंग्रजीत देता येते. 30 प्रश्न, 10 दोषगुणांपर्यंत पास, पण 5 गुणांचे दोन चुकले की घरी. दहा वर्षं चालवलीय म्हणून न वाचता जाऊ नका, प्रश्न असे फिरवून विचारतात की आपण नेमकं समजूतदारपणाचं उत्तर देतो आणि ते चुकीचं निघतं. प्रॅक्टिकल जर्मनमध्येच.

मी कशात आपटलो ऐका. लाल सिग्नलशेजारी काळ्या पाटीवर हिरवा बाण असतो, हा पण डीडीआरचाच, 1978 चा, भिंत पडल्यावर पश्चिमेनेही उचलला. त्याचा अर्थ उजवीकडे जाऊ शकता, पण आधी पूर्ण थांबून. मी आपला नाशिक-पुणे रोडच्या सवयीने हळू केली, बघितलं, कोणी नव्हतं, वळलो. मागच्या सीटवरचे परीक्षक साहेब शांतपणे म्हणाले, गाडी बाजूला घ्या. संपलं. दुसरं, पाटी नसलेल्या गल्लीच्या चौकात उजवीकडून येणारा पहिला, तुम्ही कितीही मोठ्या वाटणाऱ्या रस्त्यावर असा. आणि वळताना मान फिरवून खांद्यावरून सायकलवाला बघायचा, नुसता आरसा नाही, मान दिसली पाहिजे त्यांना! मास्तरांनी मला दहा तासांत फक्त मान फिरवायला शिकवली असं म्हटलं तरी चालेल. हॉर्न कुठे आहे ते मला अजून माहीत नाही.

गोण्यांसाठी गाडी कशाला पण? लोक हातगाडी घेऊन ट्रामने येतात की.

आंबटचुका
खाण्याचा विषय निघाला आणि मी गप्प बसू? रानजाई, पहिल्या वर्षी हौसेने दुधी-कारली नको गं, रडवतात. मेथी लाव, मुठीने पेर, तीन-चार आठवड्यांत जुडी. कोथिंबीर मात्र जूनमध्ये दिवस मोठे झाले की सरळ फुलावर जाते, म्हणून एप्रिलमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा पेर. मुळ्याचं तसंच, पांढरा लांब मुळा जुलैअखेरीस. नवलकोल इथे कोलराबी नावाने राजासारखा येतो, पाला टाकू नकोस, पीठ पेरून भाजी कर. झुकिनीचं एकच झाड, एकच! मी चार लावली होती, शेवटी बिल्डिंगमधले लोक मला बघून जिना बदलायचे. टोमॅटो 15 मेच्या आत बाहेर काढू नको, मेच्या मध्यापर्यंतच्या त्या थंडीच्या दिवसांना इथे आइसहायलिगे म्हणतात, तोवर एखाद्या रात्री पाला काळा पडतो, आणि वर छप्पर हवं, पावसाने करपा येतो.

रबार्बर असेल तर सोनं. आंबट देठ, त्याचा कैरीसारखा मेथांबा होतो, आमटीतही चिंचेऐवजी घालते. पण पानं विषारी! माझ्या सासूबाई आल्या होत्या, मी ऑफिसात, त्यांनी एवढी मोठाली पानं बघून अळूवड्यांचं बेसन कालवून ठेवलं होतं, नशीब मी वेळेत पोचले. वड्यांना मांगोल्डची (पालकासारखी भाजी) पानं घे, खाजत पण नाहीत. आणि तो छोटा नारिंगी होक्काइदो भोपळा, सालीसकट किसून घारगे. कणीक घरात नसली तर 1050 नंबरचं पीठ घे, 405 म्हणजे मैदाच.

रानजाई
किती छान लिहिलंत सगळ्यांनी! काल नवऱ्याला जबरदस्तीने घेऊन गेले. थुया नाही, रबार्बर आहे, कुंपणाशी. छप्पर करडं आणि नागमोडी, फोटो काढलाय. आजींना किमतीच्या कागदाचं विचारलं तर त्या अजिबात रागावल्या नाहीत, उलट म्हणाल्या तो माणूस बुधवारी येणारच आहे. नवरा दोन तास गप्प होता, मग घरी येऊन विचारतो कुदळीला जर्मनमध्ये काय म्हणतात. प्रथमोपचाराचं दोघांचं नाव घातलं येत्या शनिवारी.

मुक्काम_हाल्ले
हाके म्हणतात. छपराला हात लावू नका, घासायचं नाही, भोक पाडायचं नाही, पाण्याच्या प्रेशरने धुवायचं तर अजिबातच नाही. धड असेल तर तसंच राहू दे. बुधवारी त्या माणसाला कागदावर लिहून द्यायला सांगा की पत्रा कसला आहे, आणि 2400 वर त्यानंतरच बोला.