शुगरची वार्षिक तपासणी: लॅबचं पॅकेज पुरतं का?

रामबागकर: नमस्कार मंडळी. बाबा ६२ वर्षांचे, टाइप २ डायबिटीस ९ वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळ्या चालू आहेत. लॅबच्या पॅकेजात उपाशीपोटी व जेवणानंतरची शुगर, एचबीए१सी (सरासरी शुगर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), क्रिएटिनिन (किडनीसाठी रक्ताची तपासणी) आणि साधी लघवी आहे. वर्षाची तपासणी म्हणून एवढं पुरे का? इथे इंदूरात एका दिवसात सगळं उरकेल का?

मालवी_काकू: नाही पुरणार. साध्या लघवीत प्रोटीन 'निल' आलं म्हणजे किडनी ठीक, असं धरू नका. अल्ब्युमिन हे प्रोटीन थोडं थोडं गळायला लागतं ते साध्या लघवीच्या तपासणीतल्या पट्टीवर दिसत नाही. चिठ्ठीवर 'युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' लिहून घ्या. सकाळची पहिली लघवी, मधली धार. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली ठीक. जास्त आलं तर लगेच धसका घेऊ नका: ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीची दमछाक यानंही आकडा चढतो. ३ ते ६ महिन्यांत तीनदा बघून दोनदा जास्त आला तरच तो खरा मानतात. क्रिएटिनिनसोबत ईजीएफआरही, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, मागा.

आणि ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेऊन लॅबच्या रांगेत बसवू नका, शुगर झपकन उतरते. आधी रक्त द्यायचं, मग गोळी आणि नाश्ता. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजा. 'खरी शुगर कळावी' म्हणून बरेच जण त्या दिवशी गोळीच टाळतात. तसं केलं की औषध किती लागू पडतंय ते कळतच नाही. एचबीए१सी मात्र दोन दिवस पोहे-जिलबी सोडून हलत नाही, तो मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. रक्त कमी असेल किंवा नुकतंच चढवलं असेल तर तो चुकीचा येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघा.

पलासिया_नाका: डोळ्यांचा दिवस वेगळा ठेवा. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासला असं नाही. थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्यात अर्धा तास जातो. नंतर चार-सहा तास धूसर दिसतं, ऊन सहन होत नाही. बाबांना भंवरकुआंच्या गर्दीतून स्कूटर चालवू देऊ नका, सोबत कुणीतरी जा. नीट दिसतंय म्हणून ही तपासणी टाळू नका, पडदा बराच खराब होईपर्यंत नजर चांगली राहू शकते.

रामबागकर: धन्यवाद काकू, दादा. पायांचं काय? मुंग्या येतात म्हणतात.

मालवी_काकू: मग तर मोजे काढून दाखवाच. डोळे मिटायला सांगून १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला तो वाकेपर्यंत टेकवतात, 'कळलं का' विचारतात. घट्ट्यावर टेकवला तर उत्तर चुकतं. थरथर जाणवते का ते बघायला अंगठ्याच्या हाडावर कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) ठेवतात, पायाची नाडीही बघतात. संवेदना कमी निघाली तर मे महिन्यात खजराण्याच्या गणपती मंदिरात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालणं बंद, चटका बसलेला कळणार नाही. मुंग्यांसाठी बी१२ व्हिटॅमिन जरूर तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते उतरू शकतं, आणि त्याच्या कमतरतेनंही अशाच मुंग्या येतात.